युद्धोत्तर लष्करी मालवाहू ट्रकचं अचूक स्केल मॉडेल किट कसं निवडावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पानं १९४५ नंतरच्या लष्करी मालवाहू ट्रकांपुरती आहेत. भर १/३५ मापावर (खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) आहे, कारण या ट्रकांची सर्वाधिक किटं त्याच मापात मिळतात. अमेरिकन आणि सोव्हिएत गाड्यांना जास्त जागा दिली आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ त्यांच्याच उपप्रकारांत होतात.

किट निवडताना सुरुवात कुठून करायची?

डब्यापासून नाही, फोटोपासून. कोणत्या देशाचं सैन्य, साधारण कोणतं वर्ष, कोणता प्रदेश आणि गाडीचा नेमका उपप्रकार कोणता, ही चार उत्तरं कागदावर लिहून काढा आणि मगच दुकानाची यादी उघडा. युद्धोत्तर ट्रक तीस-चाळीस वर्षं सेवेत राहिले. तेवढ्या काळात इंजिन बदललं, सायलेन्सरची जागा बदलली, टायर बदलले, बॉनेट लांबलं. नाव मात्र तेच राहिलं, फार तर मागे एखादं अक्षर किंवा आकडा जोडला गेला. डब्यावरच्या चित्रात व्हिएतनाम आणि आत १९८०च्या दशकातली गाडी, असं सर्रास होतं.

फोटो निवडताना एकाच गाडीचे किमान तीन कोन मिळतील असं बघा: समोरून, उजव्या बाजूने आणि मागून. उजवी बाजू बहुतेकांकडून राहते. अमेरिकन ट्रकवर सायलेन्सरची उभी नळी उजवीकडेच असते, आणि उपप्रकार ओळखायचा तर तीच बाजू उपयोगी पडते.

संग्रहालयातल्या गाडीवर आंधळा विश्वास ठेवू नका. तिथल्या बऱ्याच गाड्यांवर नागरी टायर, नंतरचे आरसे आणि दुसऱ्याच काळाचा रंग असतो. सेवेत असताना काढलेला फोटो अस्पष्ट असला तरी जास्त खरा.

एम३५ म्हणजेच ‘ड्यूस अँड अ हाफ’. याचे एम३४, एम३५, ए१, ए२, ए३ कसे ओळखायचे?

आधी मागची चाकं बघा. अमेरिकन सैन्याच्या अडीच टनी ६×६ (तिन्ही एक्सलना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) गाड्यांचं हे कुटुंब १९५० च्या आसपास रिओ कंपनीच्या रचनेवर उभं राहिलं. त्यातल्या एम३४ला मागच्या दोन्ही एक्सलवर एकेकच मोठं चाक आहे, ११.००-२० मापाचं. एम३५ला मागे जोडचाकं आहेत, ९.००-२० मापाची. म्हणजे एम३४वर एकूण सहा चाकं, एम३५वर दहा. स्टेपनी वेगळी.

फरक चाकांवर संपत नाही. एम३४चा हौदा खाली बसलेला आहे, त्यामुळे हौद्याच्या आत चाकांसाठी उंचवटे आहेत. एम३५चा हौदा वर आहे आणि त्याची जमीन सपाट आहे. म्हणून एम३५च्या किटला फक्त एकेरी चाकं लावून एम३४ होत नाही, हौदा नवा करावा लागतो. हा बदल ‘सोपा’ म्हणून विकणारे संच तपासून घ्या: संचात हौद्याची जमीन नसेल तर तो अर्धाच संच आहे.

इंजिनाचं म्हणाल तर मूळ एम३५ पेट्रोलवर चालतो. ए१मध्ये कॉन्टिनेंटलचं एलडीएस-४२७ मल्टिफ्युएल (अनेक इंधनांवर चालणारं) इंजिन आलं, ए२मध्ये ४६५ मालिकेतलं. बॉनेट बंद ठेवणार असाल तर इंजिनाशी तुमचा संबंध नाही, पण सायलेन्सरशी आहे. पेट्रोल गाडीची नळी खालून जाते. ए२वर केबिनच्या उजव्या कडेला, पुढच्या बाजूला उभी नळी दिसते. १९६०च्या दशकातल्या गाड्यांत दोन्ही प्रकार आढळतात, तिथे तुमच्या गाडीचा फोटो हाच शेवटचा शब्द. ए३ ही १९९०च्या दशकातली नूतनीकरण केलेली गाडी आहे: कॅटरपिलरचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर आणि मागेही एकेकच रुंद १४.५आर२० टायर. व्हिएतनामच्या देखाव्यात ए३ची चाकं दिसली की सगळं मुसळ केरात.

एम३५ आणि पाच टनी एम५४ फोटोत सारखेच दिसतात. फरक कसा करायचा?

चाकाचे नट मोजा. एम३५च्या चाकाला सहा, एम५४ला दहा. जुन्या, धुरकट फोटोतही हे बहुतेक वेळा मोजता येतं, आणि याहून खात्रीची दुसरी खूण नाही. दोघांच्या केबिन एकाच घराण्यातल्या आहेत, त्यामुळे केबिनवर जाऊ नका. एम५४चे टायर ११.००-२०, हौदा १४ फुटी. एम३५चा हौदा १२ फुटी.

पुढे एम८०९ मालिका आली. तिचा मालवाहू ट्रक म्हणजे एम८१३. यात कमिन्सचं एनएचसी-२५० इंजिन बसवलं आणि त्यासाठी बॉनेट लांबलं. उजव्या मडगार्डवर मोठा एअर क्लीनर दिसतो. त्यानंतरच्या एम९३९ मालिकेत बॉनेट रुंद, चपटं आणि पुढे कलणारं आहे. एम९२३ला मागे जोडचाकं, एम९२३ए१ला सगळीकडे एकेक १४.००आर२० टायर, आणि ए२ला त्यासोबत टायरमधली हवा चालता चालता कमी-जास्त करणारी यंत्रणा. पुढे विंच असेल तर नावच बदलतं: एम९२३ ऐवजी एम९२५. डब्यावर ‘एम९२३’ लिहिलंय आणि आत एकेरी चाकं आहेत, तर तुमच्या हातात ए१ किंवा ए२ आहे असं समजा आणि डिकलची (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांची) निवड त्याप्रमाणे करा.

या अमेरिकन गाड्यांची किटं कोणाची घ्यावी?

१/३५मध्ये एम३५ कुटुंबासाठी एएफव्ही क्लबचा साचा आधार धरावा. चॅसी, पाटे आणि केबिनचा आतला भाग यांत तो भरपूर तपशील देतो. भाग बारीक आणि पुष्कळ आहेत, त्यामुळे पहिलं ट्रक मॉडेल म्हणून तो जड जातो. एम५४ए२ही याच कंपनीने काढला आहे. त्याआधी पाच टनी गाडी हवी असेल तर रेझिनचे (ओतून बनवलेल्या राळेच्या भागांचे) बदलसंच शोधावे लागत. एम९२३ मालिकेसाठी इटालेरी आहे: भाग कमी, जुळणी सोपी, पण तपशील सौम्य. फोटोएच (रसायनाने कोरलेले धातूच्या पातळ पत्र्याचे भाग) आणि रेझिन चाकं लावली तर ते किट बरंच वर येतं. १९९०च्या दशकापासूनचे चपट्या नाकाचे एम१०७८ (४×४) आणि एम१०८३ (६×६) ट्रम्पेटरकडे आहेत.

कोरियन युद्धासाठी दुसऱ्या महायुद्धातली जीएमसी चालेल का?

चालेल, आणि १९५० सालच्या देखाव्यात तीच जास्त योग्य आहे. कोरियातल्या अमेरिकन ट्रकांत युद्धकाळातल्या जीएमसी सीसीकेडब्ल्यूंची मोठी भरती होती. ‘ऑपरेशन रोल-अप’मध्ये पॅसिफिक बेटांवर पडून राहिलेल्या गाड्या गोळा करून जपानमध्ये दुरुस्त केल्या गेल्या आणि त्यातल्या अनेक कोरियात गेल्या. इंडोचायनात फ्रेंच सैन्यही जीएमसीवरच विसंबून होतं. सीसीकेडब्ल्यूची किटं मुबलक आहेत. फक्त १९४४च्या नॉर्मंडीच्या खुणा काढून टाका आणि त्या-त्या सैन्याच्या पाट्या लावा.

किट मापात आहे का, हे जोडण्याआधी कसं तपासायचं?

व्हर्निअर कॅलिपर घ्या. स्वस्तातला डिजिटल चालतो, ०.१ मिमी वाचता आलं की पुरे. खऱ्या गाडीचं मिलिमीटरमधलं माप भागिले ३५, एवढंच गणित. तीन मापं पुरतात: एक्सलमधली अंतरं, रिमचा व्यास आणि टायरचा बाहेरचा व्यास. एकूण लांबी मोजून फसू नका. बंपर, विंच, मागचा हूक यांनी ती बदलते, आणि पुस्तकागणिक वेगळी छापलेली असते.

एक सापळा आधीच सांगतो. अमेरिकन कागदपत्रांत तीन एक्सलच्या ट्रकचा व्हीलबेस पुढच्या एक्सलपासून मागच्या जोडीच्या मध्यापर्यंत धरतात. सोव्हिएत कागदपत्रांत तो दोन आकड्यांत येतो: पुढचा ते मधला, अधिक मधला ते मागचा. हे न कळल्यामुळे चांगल्या किटला लोक आखूड ठरवतात. खालच्या यादीतली मापं सगळी एकाच पद्धतीने, एक्सल ते एक्सल दिली आहेत. बाणानंतरचा आकडा १/३५चा.

- एम३५ए२: ३३०२ मिमी → ९४.३, मागची जोडी १२१९ → ३४.८
- झिल-१५७: ३६६५ → १०४.७, मागची जोडी ११२० → ३२.०
- झिल-१३१: ३३५० → ९५.७, मागची जोडी १२५० → ३५.७
- उराल-३७५डी आणि ४३२०: ३५२५ → १००.७, मागची जोडी १४०० → ४०.०
- गाझ-६६: ३३०० → ९४.३
- युनिमॉग ४०४, लांब चॅसी: २९०० → ८२.९

एम५४चं माप अमेरिकन पद्धतीने, जोडीच्या मध्यापर्यंत, ४५४७ मिमी आहे, म्हणजे १२९.९.

किती फरक चालवून घ्यावा? चॅसीच्या लांबीत १ मिमीपर्यंत कुणाच्या डोळ्यांना कळत नाही. टायरच्या व्यासात मात्र १ मिमी लगेच दिसतो, कारण टायर मडगार्डच्या कमानीत बसतो आणि भोवतालची मोकळी जागा बदलते. तिथे अर्ध्या मिमीच्या पुढे तडजोड नको.

टायरवरचे आकडे मॉडेलसाठी कसे वापरायचे?

९.००-२० यातला पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरा रिमचा व्यास इंचात. २० इंची रिम म्हणजे ५०८ मिमी, १/३५मध्ये १४.५ मिमी. १८ इंची म्हणजे ४५७ मिमी, १३.१ मिमी. झिल-१५७ आणि गाझ-६६ दोघांचे टायर १२.००-१८ आहेत, म्हणजे त्यांचं रिम लहान आणि टायर जाड. किटमधलं रिम मोठं आणि टायर पातळ निघालं तर गाडीचा सगळा रुबाबच बदलतो.

क्राझ-२५५बीवर मात्र आकडे मिलिमीटरमध्ये आहेत: १३००×५३०-५३३. बाहेरचा व्यास १३००, रुंदी ५३०, रिम ५३३. १/३५मध्ये व्यास ३७.१ आणि रुंदी १५.१ मिमी यायला हवी. हॉबी बॉसचं क्राझ-२५५बी हातात आलं की पहिलं हे मोजा. या गाडीची ओळखच तिच्या त्या फुगीर चाकांत आहे.

सोव्हिएत ट्रकांत कोणत्या चुका वारंवार होतात?

झिस-१५१ आणि झिल-१५७ यांची गल्लत पहिली. झिस-१५१ १९४८चा, मागे जोडचाकं. झिल-१५७ १९५८चा, सगळीकडे एकेक चाक, आणि टायरमध्ये हवा पोचवणारी यंत्रणा. त्यामुळे झिल-१५७च्या चाकाच्या मध्यभागी हवेच्या जोडणीचा तपशील असायला हवा. १/३५मध्ये ट्रम्पेटरचं झिल-१५७ मिळतं. त्याच घरातून चीनचा जिएफांग सीए-३० येतो. तो झिल-१५७वरच बेतलेला आहे, पण पुढचे मडगार्ड आणि नाक वेगळं आहे. डबा स्वस्त मिळाला म्हणून सीए-३० घेऊन त्यावर सोव्हिएत पाट्या लावू नका.

दुसरी गल्लत उरालची. ३७५डी पेट्रोलवर, झिलच्या व्ही-८ इंजिनाने चालते आणि १९६०च्या दशकातली आहे. ४३२० १९७७ पासून, कामाझ-७४० डिझेल इंजिनाची. दोघींची चॅसी मापाने सारखी, म्हणून साचे एकमेकांत वापरले जातात; पण ४३२०चा रेडिएटर पुढे सरकल्यामुळे नाक बाहेर आलेलं दिसतं. १९९०च्या दशकात याएमझेड इंजिनं आली, काही गाड्यांचं बॉनेट आणखी लांबलं आणि एअर क्लीनर उजव्या मडगार्डवर बाहेर आला. अफगाणिस्तान युद्धाच्या, म्हणजे १९७९ ते १९८९च्या देखाव्यात असा बाहेरचा एअर क्लीनर चालणार नाही. ट्रम्पेटरकडे ३७५डी आणि ४३२० दोन्ही आहेत, झ्वेझ्दाकडे ४३२०. विकत घेताना भागांच्या चित्रात मडगार्ड आधी बघा.

झिल-१३१साठी आयसीएम घ्या, १/३५ आणि १/७२ दोन्हींत आहे.

झिल-१५७ आणि झिल-१३१ यांचे हौदे लाकडी आहेत, उरालचा लोखंडी. लाकडी हौद्यावर साच्यात खोल रेषा कोरलेल्या असतील तर पॉलिश पेपरने निम्म्यावर आणा. खऱ्या फळ्यांवर रंगाचे जाड थर असतात आणि १/३५मध्ये फळ्यांमधल्या फटी दिसतात, शिरा दिसत नाहीत.

खाचांचे टायर कोणत्या दिशेने बसवायचे?

अमेरिकन लष्करी टायरची नक्षी दोन्ही दिशांना सारखी, तिथे प्रश्नच नाही. सोव्हिएत टायरवर बाणासारख्या खाचा असतात. नियम असा: गाडीच्या मागून बघितलं तर खाचेचं टोक वर, पुढून बघितलं तर टोक खाली. टोक जमिनीला आधी टेकलं की चिखल बाजूला ढकलला जातो. मैदानात घाईत उलटं चाक लावलेल्या गाड्याही असायच्या, पण फोटोत तसं दिसत असेल तरच तसं करा. चारही बाजूंना उलटसुलट चाकं म्हणजे निव्वळ निष्काळजीपणा दिसतो.

जर्मन ट्रकांसाठी काय बघायचं?

युनिमॉग म्हटलं की दोन वेगळ्या गाड्या समोर येतात. एक ४०४ एस, १९५५ ते १९८०, गोलसर नाक आणि पेट्रोल इंजिन, १/३५मध्ये आयसीएम. दुसरी यू१३००एल, टोकदार चौकोनी केबिनची, १/३५मध्ये रेव्हेल. दोन्ही ‘युनिमॉग’ याच नावाने विकल्या जातात. मान कंपनीचे केएटी१ ट्रक १९७६ पासूनचे, रेव्हेलने ते १/३५ आणि १/७२ दोन्हींत काढले. पत्र्याच्या सपाट, चौकोनी केबिनमुळे या किटची जुळणी थोडी जरी चुकली तरी लगेच दिसते: केबिनच्या चारही भिंती कोरड्या लावून काटकोन तपासल्याशिवाय ग्लूला हात लावू नका.

नवा डबा म्हणजे नवा साचा का?

अजिबात नाही. कंपन्या जुने साचे नव्या चित्रासह पुन्हा आणतात, एकमेकांचे साचे भाड्याने घेऊन आपल्या डब्यात भरतात. स्केलमेट्स या संकेतस्थळावर किटचा क्रमांक टाकला की साच्याची वंशावळ दिसते: पहिलं वर्ष, नंतरचे डबे, कोणता डबा कोणाचा. त्यासोबत स्प्रूच्या, म्हणजे भाग ज्याला जोडलेले येतात त्या चौकटीवर कोरलेलं वर्ष बघा. जुना साचा वाईटच असतो असं नाही. पण घिसलेल्या साच्यात भागांवर कडेने पातळ पापुद्री येते आणि बारीक नळ्या, आरशांचे दांडे अंडाकृती होतात. विक्रेत्याकडे स्प्रूचे जवळून काढलेले फोटो मागा. त्यात जाळी, पाटे आणि चाकाचे नट स्पष्ट दिसायला हवेत.

किटमधले रबरासारखे टायर ठेवावेत की बदलावेत?

दीर्घकाळ टिकणारं मॉडेल हवं असेल तर बदला. हे टायर रबराचे नसतात, मऊ केलेल्या व्हिनिलचे असतात. मऊपणासाठी मिसळलेला पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि पॉलिस्टायरिनच्या रिममध्ये शिरतो. काही वर्षांनी रिम चिकट होतं, मग विरघळल्यासारखं दबतं आणि गाडी एका बाजूला बसते. उष्णतेने हे लवकर होतं. काचेच्या कपाटावर दुपारचं ऊन येत असेल तर आणखीच.

टायर ठेवायचेच असतील तर अशी काळजी घ्या:

१. टायर कोमट साबणपाण्यात धुवा, पूर्ण वाळवा.
२. मधली शिवण पॉलिश पेपरने काढा. व्हिनिल लोंबत असेल तर टायर आधी फ्रीजरमध्ये कडक करून घ्या, मग घासणं सोपं जातं.
३. रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिथे रंगाचे दोन थर आणि वर ॲक्रिलिक वार्निशचा एक थर द्या. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या.
४. टायर ग्लूने चिकटवू नका, नुसता बसवा.

हा अडसर विक्रिया लांबवतो, कायमची थांबवतो असं नाही.

रेझिन चाकांत आणखी एक फायदा असतो: तळाशी वजनाने दबलेला सपाट भाग. पण दबाव प्रमाणात हवा. रिकाम्या ट्रकचे टायर जेमतेम सपाट होतात. वजनाने दबून खूप फुगलेले टायर लावले तर हौद्यात तेवढा माल दाखवावा लागेल. सहाही चाकांचा सपाट भाग जमिनीशी समांतर आणणं हेच यातलं खरं काम आहे. रेझिन ओल्या पॉलिश पेपरनेच घासा आणि मास्क लावा, ती भुकटी फुप्फुसात जाऊ नये.

सहा चाकांची गाडी जोडल्यावर एखादं चाक हवेत का राहतं?

चॅसीच्या दोन लांब पट्ट्या जोडताना किंचित पीळ बसतो. पट्टी १५०-२०० मिमी लांब, पातळ, आणि मध्ये आडव्या पट्ट्यांचे बरेच सांधे, त्यामुळे हे जवळजवळ ठरलेलंच असतं. उपाय पुढचा.

चॅसी काचेवर उलटी ठेवून जोडा, म्हणजे वरची सपाट कड काचेला टेकेल. आधी टोकांच्या दोन आडव्या पट्ट्या, मग मधल्या. प्रत्येक सांध्यानंतर कोन तपासा. रात्रभर हलवू नका. पाटे आणि एक्सल लावल्यावर, ग्लू ओला असतानाच चाकं नुसती बसवा आणि गाडी सरळ करून काचेवर ठेवा. प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. जिथे ती सहज सरकते ते चाक हवेत आहे. एक्सल तिथल्या तिथे हलवून घ्या, वरून हलकं वजन ठेवा आणि पूर्ण वाळू द्या. वाळल्यानंतर जोर लावून दुरुस्त करायला गेलात तर पाटा तुटतो.

ताडपत्री किटमधली वापरावी का?

तिची कड आधी बघा. साच्यातली ताडपत्री १ मिमी जाड असते, म्हणजे खऱ्या मापात ३५ मिमी. मागचा पडदा बंद ठेवणार असाल तर चालते, कड आतून तासून पातळ करा. पडदा उघडा ठेवायचा असेल तर टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला पांढरा डिंक वापरा. कमानी आधी पितळी तारेच्या करा, कारण ओला कागद वाळताना आकसतो आणि प्लास्टिकच्या कमानी आत ओढतो. ताडपत्रीला गाडीपेक्षा थोडा फिकट, वेगळा हिरवा रंग द्या; कापड आणि पत्रा एकसारखे विटत नाहीत.

कोणता रंग कोणत्या वर्षांसाठी?

अमेरिकन ट्रक १९५०-६०च्या दशकांत एफएस २४०८७ (एफएस म्हणजे अमेरिकन सरकारी रंगक्रमांक) हा किंचित चमकणारा ऑलिव्ह ड्रॅब. पूर्ण निस्तेज रंग दिला तर त्या काळाची गाडी खरी वाटत नाही. १९७०च्या दशकात चार रंगांची मर्डक ही कॅमोफ्लाज पद्धत आली, १९८०च्या दशकात नाटोची तीन रंगांची: हिरवा एफएस ३४०९४, तपकिरी ३००५१, काळा ३७०३०. १९९१च्या आखाती युद्धातल्या वाळूरंगाचा क्रमांक ३३४४६. जर्मन गाड्या आधी आरएएल ६०१४ (आरएएल म्हणजे जर्मन रंगक्रमांक) पिवळट ऑलिव्ह. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून ६०३१ हिरवा, ८०२७ तपकिरी आणि ९०२१ काळा. सोव्हिएत गाड्या एकरंगी हिरव्या, नंबरपाट्या काळ्यावर पांढऱ्या.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात निस्तेज वार्निश मारू नका. दमट हवेत त्यावर पांढरं धुकं चढतं. कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबा किंवा खोलीत एसी चालवून हवा कोरडी करून घ्या.

फोटोएचवर पैसे खर्च करावेत का?

आधी चाकांवर, मग फोटोएचवर. जिथे पातळ पत्रा नजरेस पडतो तिथेच फोटोएच घ्या: पुढची जाळी, दिव्यांची संरक्षक चौकट, फाळक्याच्या साखळ्या, आरशांचे दांडे. चॅसीखालचे तीस तुकडे लावून कुणाला दिसत नाहीत, आणि केबिनमधल्या पेडलांचीही तीच गत.

भारतीय सैन्याचा शक्तिमान किंवा स्टॅलियन करायचा आहे. किट आहे का?

मोठ्या कंपन्यांच्या नेहमीच्या यादीत हे ट्रक नाहीत. थ्रीडी प्रिंट किंवा स्वतः प्लास्टिकच्या पत्र्यातून बांधणं, हाच मार्ग.

शक्तिमान हा मानच्या ४१५ एल१ एआर या ४×४ ट्रकचा परवान्याने बनवलेला अवतार. जबलपूरला त्याचं उत्पादन १९५९ मध्ये सुरू झालं, पुढे तिथल्या वाहन निर्माणीत १९९६ पर्यंत चाललं. बुंडेसवेअरचा (जर्मन सैन्याचा) मान ६३० नाकाने त्याचा भाऊबंद वाटतो, पण तो मोठा पाच टनी आहे. ६३०चं मॉडेल रंगवून शक्तिमान होत नाही, केबिन आणि हौद्याचं प्रमाण बिघडतं.

थ्रीडी प्रिंट विकत घेताना तीन गोष्टी विचारा: मॉडेल कोणत्या मापांवरून काढलं, थराची जाडी किती (०.०५ मिमी किंवा कमी हवी), आणि आधाराचे ठिपके कोणत्या बाजूला आहेत. हे ठिपके बॉनेटवर आले तर घासून नट-रिबिटं जातात. आणि प्रिंटच्या चॅसीला पीळ आहे का, हे वर सांगितलेल्या काच आणि कागदाच्या पट्टीने पोचल्या दिवशीच बघा, म्हणजे परत करता येतं.

मापांसाठी लिलावातून नागरी हातात गेलेली गाडी शोधा आणि मालकाची परवानगी घेऊन मोजा. लष्करी हद्दीत किंवा डेपोच्या कुंपणाशी फोटो काढू नका. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय रणगाड्यांसाठी उत्तम आहे, ट्रकच्या मापांची आशा धरून तिथे जाऊ नका. नंबरपाटीवर वर तोंड केलेला बाण आणि वर्षाचे दोन आकडे येतात. ते वर्ष तुमच्या देखाव्याच्या वर्षानंतरचं नाही ना, एवढं बघा.

परदेशातून मागवलेल्या किटचा डबा आल्यावर पहिलं काय करायचं?

सीमाशुल्काची पावती जपून ठेवा आणि डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा. स्प्रूंची संख्या सूचनापत्रातल्या चित्राशी ताडून बघा. काच, डिकल आणि टायर वेगळ्या पिशव्यांत असतात, तेच सर्वाधिक वेळा कमी भरतात. व्हिनिल टायर प्लास्टिकच्या भागांना चिकटून आले असतील तर लगेच वेगळे करून झिपच्या पिशवीत टाका. डिकलचा कागद पिवळा पडला असेल तर एक नको असलेलं डिकल पाण्यात टाकून बघा. ते तुकडे-तुकडे झालं तर बाकीच्यांवर आधी ग्लॉस वार्निशचा थर द्या आणि मगच प्रत्येक डिकल कडेने कापून घ्या.